आत्याने थांबवलेलं खोदकाम

सावर्ड्याच्या बाजारात भाजी घेत होते, तेव्हा फोन आला. मंडणगडजवळच्या आमच्या गावातून आत्याच्या शेजारची वहिनी बोलत होती. "बाय, आत्या गेली गो. झोपेतच." महिना होत आला, पण तिची एक गोष्ट मनातून हलत नाही...

आत्याचे यजमान गावाबाहेरच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. तांबड्या जांभ्याच्या पोटात काळ्या धातूची शीर होती, तिच्या मागोमाग माणसं डोंगर पोखरत गेली. शीर निमुळती झाली तिथे बोगदाही जेमतेम रांगण्याएवढा उरला. एका दुपारी तिथलं छत बसलं आणि ते पलीकडे अडकले. आतून दगड ठोकल्याचा आवाज येत होता, म्हणजे जिवंत होते. माझे वडील, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, गावातली माणसं घेऊन रात्रभर खोदत राहिले. वरून माती गळतच होती. सकाळी आत्या स्वतः आत गेली, दगडाला कान लावून बसली आणि म्हणाली, "आवाज थांबलाय. बाहेर चला सगळे." वडील ऐकेनात. तिने त्यांना हाताला धरून ओढत बाहेर आणलं. त्याच दिवशी उरलेलं छतही खाली आलं. खाण कायमची बंद झाली, आत्याचे यजमान आतच राहिले.

सासूने मरेपर्यंत तिच्याशी बोलणं टाकलं. आत्या त्याच घरात राहिली, सासूचं शेवटपर्यंत सगळं केलं. वडिलांचं लग्न, माझा जन्म, हे सारं त्यानंतरचं.

दिवाळीत शेवटची भेटले. तिच्या पायांना तेल चोळताना विचारलं, "आत्या, आवाज खरंच थांबला होता?"

ती म्हणाली, "मला तसं वाटलं. आणखी जरा बसले असते तर नक्की कळलं असतं... पण तुझा बापूस बाजूलाच खोदत व्हता. माती त्याच्या केसांत पडत व्हती. मग मी नाय बसले."

मी तिचे पाय चोळत राहिले.

परवा तिचं घर झाडायला गेले. ठोकल्याचा आवाज आत्याला सोसत नसे, म्हणून तिच्या दाराची कडी गावात कुणी वाजवत नसे. दार लोटून मी आत केर काढत होते. वहिनी चहा घेऊन आली. आत मी एकटीच आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी ती अंगणातच थांबली आणि हळू आवाजात तिने हाक मारली.