छतातला डबा

आमच्या गल्लीतल्या वायरमनला सगळे 'एकदाच' म्हणतात. आपण केलेलं काम पुन्हा उघडावं लागत नाही, ही त्याची तीस वर्षांची बढाई. ती खरीही होती, कारण बिघडलं तर लोक भिडेपोटी दुसऱ्याला बोलवत.

कोपऱ्यावरच्या दोघी जावा बोलेनाशा झाल्या, तेव्हा घराची वाटणी त्याच्याच हातून झाली. मधे भिंत आली, दोन मीटर आले, दोन सेफ्टी स्विच आले. फक्त छतातल्या जुन्या डब्यात त्याने दोन्ही घरांच्या काळ्या तारा एकत्र पिळून ठेवल्या. "परतीची तार काय, सगळ्यांची एकच," तो म्हणाला.

सेफ्टी स्विचला हे तत्त्वज्ञान मान्य नव्हतं. लाल तारेने जेवढा करंट गेला, तेवढाच काळीने परत यावा, हा त्याचा हट्ट. थोरलीने मिक्सर लावला की निम्मा करंट धाकटीच्या घरातून परतायचा. इकडे कमी, तिकडे जास्त. दोन्ही घरं एकदम बंद. नुसते दिवे लावले, तरच स्विच तग धरत.

आठवडाभर शिव्याशाप झाले. मग शोध लागला, की एकीने आपला मेन पाडला तर दुसरीचं सगळं सुरळीत चालतं.

"जाऊबाई, मेन पाडता का? इस्त्री करायचीय."

"पाडते. पण मी उकाड्यात बसू का?"

"मग या इकडे. पंखा आहे."

महिनाभरात थोरली रोज दुपारी धाकटीच्या पंख्याखाली घोरू लागली. तरी रोज मेन पाडायचा दोघींना कंटाळा आला. एकदाचला निरोप गेला: डबा उघडा.

अन्न गोड लागत नाही, असं सांगून एकदाचने दोन दिवस काढले. बायको म्हणाली, "डबाच आहे ना? तिजोरी असल्यासारखं काय करताय."

तिसऱ्या दिवशी तो आला, शिडी लावली, डब्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खाली उतरला.

"वहिनी, डब्यात काही दोष नाही. दोष भिंतीत आहे."

"भिंतीत करंट असतो?"

"नसतो. म्हणूनच म्हणतो, पाडून टाका. एक मीटर, एक स्विच, सगळं त्यावर घेतो. मग परतीची तार एक असली काय, दोन असल्या काय."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तसंही थोरलीला रोज दुपारी रस्त्यावरून वळसा पडायचा.

गवंड्याला दीड दिवस लागला. डबा अजून बंद आहे.