मेहुण्याचं न दिसणारं ऊन

माझ्या मेहुण्याइतका उन्हाचा हावरट माणूस अख्ख्या वेल्हे तालुक्यात सापडायचा नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तो सौरघट बनवायचा. तेही साधे नव्हेत. जे ऊन डोळ्यांना दिसतच नाही, त्याची वीज त्याला करायची होती! त्यासाठी शिशाचे अतिसूक्ष्म स्फटिक प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरमध्ये कालवायचे आणि त्याचा थर काचेवर द्यायचा. हे कालवण काही केल्या जमत नव्हतं, आणि त्याचा ताप आम्हाला होता.

सुट्टीला राजगडाच्या पायथ्याशी, आमच्या पालीत आला की आमच्या खानावळीच्या गच्चीवर त्याच्या काचा, आणि बायकोचे पापड जिन्यात. राजगड उतरून आलेली भुकेली माणसं पानावर बसलेली, आणि हा त्यांना सांगतोय की स्फटिकांभोवतीचं तेलकट आवरण वीज अडवतं.

"मंग काड की त्ये," बायको भाकरी थापता थापता ओरडली.

"काढलं की गोळा होत्यात, ताई."

"मंग पातळ ठेव."

"त्येच करतोय गं!" तो रडवेला होऊन म्हणाला.

एकदा पुण्याची एसटी चुकली म्हणून मला टेम्पो काढायला लावला. मांडीवर काच. नसरापूर येईपर्यंत "दाजी, हळू" चालूच. शेवटी मी वैतागलो, "आरं, थांबलोय म्या! म्हशी आडव्या हायत!"

मागच्या उन्हाळ्यात मात्र त्यानं आम्हा दोघांना गच्चीवर ओढत नेलं. सौरघटावर काळी काच ठेवली. दिसणारा उजेड तिनं अडवला, तरी मीटरचा काटा हलला, चांगला वर चढला. खाली आमटी करपली. तरी बायको काट्याकडंच बघत राहिली. आठवड्याभरात थरात दमट हवा शिरली आणि काटा पडला. मेहुणा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी नव्या काचा घेऊन गच्चीवर हजर.

आता त्याच कामासाठी तो परदेशात आहे. तिथं आठवडे आठवडे सूर्य दिसत नाही म्हणे. परवा फोन आला. प्रयोगाचं विचारलं तर म्हणाला, "चाललंय." मग त्यानंच विचारलं, "दाजी, तिकडं ऊन हाय का वो?"

बाहेर झिमझिम होती, समोरचा गडही दिसत नव्हता.

"लई हाय," मी म्हणालो. "लख्ख पडलंय बघ."