देवीदासभाऊंनी पाडलेला खंड

माझ्या ऑफिसात आजवर पुष्कळ माणसं भांडायला आली. भांडायला येऊन कामालाच राहिलेला माणूस मात्र एकच, देवीदासभाऊ.

राजापेठेत एका औषधांच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. अमरावतीत घर भाड्यानं द्यायचं-घ्यायचं असलं की मध्ये जो एजंट लागतो, तो मी. सुरुवातीला लोक जिना चढून येत, मला बघत आणि विचारत, "साहेब कुठं गेले?" मी सांगायची, "साहेब घरी भाजी चिरून राहिले. तुमी मले सांगा." ते खरंही असायचं. माझ्या नवऱ्याच्या हाताला माझ्यापेक्षा चांगली चव आहे.

आमच्या धंद्यात वर्ष अकरा महिन्यांचं असतं. घरभाड्याचा करार तेवढ्याच मुदतीचा करायची रीत आहे. तो संपला की नवा करार, पुन्हा घरमालकाचा आणि भाडेकरूचा अंगठा यंत्रावर, पुन्हा फोटो, पुन्हा पोलीस ठाण्यातला अर्ज. एखाद-दुसरं घर असेल तर ठीक. गावभर घरं पसरलेली असली आणि प्रत्येकाचं वर्ष आपापल्या सोयीनं संपत असलं की डोक्याचा पार भुगा होतो. माझा झालाच होता. देवीदासभाऊंच्या पुतण्याचा करार संपल्याचं माझ्या लक्षातच राहिलं नाही, मालकानं त्याची गादी व्हरांड्यात काढून ठेवली आणि भाऊ अकोटहून पहिल्या एसटीनं निघून थेट माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

त्यांचा आवाज खालच्या औषधाच्या दुकानातसुद्धा ऐकू गेला. पुढे कळलं की तो त्यांचा साधा, घरगुती आवाज होता. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, तीही बहुतेक अकोट-अमरावती रस्त्यावर. इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय जडलेली. ते आजही मोबाइलवर असे बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं.

भांडण संपल्यावर त्यांनी माझ्या कपाटाकडे पाहिलं. "ताई, हे कागद कोन्या हिशेबानं लावले तुमी?"

"तारखेनं," मी ताठ्यात म्हणाले.

"मंग मानूस कसा सापडन? मले तारखेनं मानूस नाही सापडत बाप्पा. मले स्टापानं सापडते."

दुसऱ्या दिवसापासून ते यायला लागले. मी बोलावलं नव्हतं, पण येऊ नका असंही म्हणवेना. त्यांनी सगळे करार काढले आणि रस्त्याप्रमाणे लावले. राजापेठ ते साईनगर ही एक फेरी, पंचवटी ते कठोरा नाका दुसरी, आणि वाटेतलं प्रत्येक घर म्हणजे एक थांबा. अंगठ्याचं यंत्र ठेवायला त्यांनी आपली जुनी चामड्याची कंडक्टरची बॅग काढली. मुदत संपायच्या महिनाभर आधी ती बॅग खांद्याला लावून ते दारात हजर. "तुमचं उतराचं ठिकाण येऊन राह्यलं. पुढे जायचं का इथंच उतरायचं?" भाडेकरू हसायचे, चहा व्हायचा आणि करारही व्हायचा. मी कॉम्प्युटरवर तारखा लावायचं सोडलं नाही, पण माझ्या कॉम्प्युटरला कोणी चहा पाजला नाही हेही खरं.

भांडणाबद्दल त्यांचा एकच नियम. "उभा मानूस भांडतेच, ताई. त्याले पैले बसाले जागा द्या." मी स्वतः उभ्यानं भांडणारी बाई. त्यामुळे हा नियम मला कधी पटला नाही, आणि शेगाव नाक्याजवळच्या नत्थुजींच्या घराचं प्रकरण आलं तेव्हा तर मुळीच पटला नाही.

नत्थुजी तिवश्याकडचे शेतकरी. चांगली काळी जमीन, अमरावतीत दोन मजली घर. वर नवरा-बायको राहायची आणि खालच्या दोन खोल्यांत मोनाली पाळणाघर चालवायची. नर्स, शिक्षिका, बँकेतल्या बाया सकाळी आपली लेकरं तिच्या हवाली करून कामाला जात. मोनालीचं स्वतःचं घर पलीकडच्या गल्लीत, पण इतकं लहान की तिथं दोन लेकरं आली तर तिसऱ्यानं उंबरठ्यावर बसावं. तिची सगळी कमाई, तिची सगळी पत त्या खालच्या दोन खोल्यांत होती. तिच्या कराराची मुदत संपत आली आणि नत्थुजींनी सांगितलं, "आता खंड पाडाचा."

त्यांच्या डोक्यात एक भीती बसली होती. बाळापूरच्या कुठल्याशा नातेवाइकानं त्यांना सांगितलं होतं की भाडेकरू मध्ये खंड न पडता राहिला तर घर त्याचं होतं. म्हणून मोनालीनं सगळं सामान काढायचं, आठ दिवस घर रिकामं ठेवायचं, किल्ली नत्थुजींकडे, मग पुढचं पाहू. त्या 'पुढचं पाहू'ला मोनाली घाबरली होती, कारण नत्थुजींचा भाचा गोपाल कॉम्प्युटरचा क्लास काढायला जागाच शोधत होता. एकदा किल्ली हातातून गेली की ती परत यायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्या ऑफिसात बसून ती रडली. "ताई, आठ दिवस कोन थांबते? लेकरायच्या माया दुसरीकडे नेतीन त्यायले."

मी नत्थुजींकडे गेले आणि उभ्यानंच कायदा सांगितला. असा करार कितीही वेळा केला तरी घर मालकाचंच राहतं, हे तीन प्रकारे सांगितलं. चौथ्या प्रकारे सांगताना माझा आवाज चढला. नत्थुजी शांतपणे म्हणाले, "कायदा तुमच्यावाला. घर माह्यावालं." मी जिना उतरून आले तेव्हा माझे कान तापले होते.

मग भाऊ गेले. काय बोलले कोण जाणे, पण तासाभरानं परत आले आणि म्हणाले, "खंड पाडून राह्यलो आपन. येत्या रविवारी. एकच दिवस."

"भाऊ! त्यांचंच ऐकलंत तुम्ही?" मी पुन्हा उभी राहिले.

"बसा, ताई. रविवारी पाळनाघर बंदच राह्यते. कुलूप लागलं म्हंजे खंड पडला, हे त्यायनं मानलं. आठ दिवसाचा एक दिवस झाला ना?"

"आणि किल्ली? सोमवारी ती परत नाही दिली तर?"

त्यांनी बॅगेचा पट्टा नीट केला आणि ते पाणी प्यायला गेले. मला त्यांचा इतका राग आला की मी दुपारचा डबासुद्धा एकटीनं खाल्ला.

रविवारी मी गेले ती नुसती पाहायला म्हणून, पण पदर खोचून कामालाच लागले. मोनालीचं सामान बाहेर निघत होतं. लोखंडी पाळणे, सतरंज्या, प्लॅस्टिकची घसरगुंडी, डोकं हलवणारा लाकडी घोडा, खेळण्यांचे डबे. अंगणात ऊन रणरणत होतं आणि गल्लीतली कुत्री घोड्याकडे संशयानं बघत होती. हे सगळं दिवसभर ठेवायचं कुठं, याचा विचार कोणीच केला नव्हता. मोनाली माझ्याकडे पाहायला लागली, मी भाऊंकडे. भाऊंनी मान वर करून हाक मारली, "आशाबाई! वरते जागा हाय काय जी?"

नत्थुजींची बायको आशाबाई गॅलरीतच उभ्या होत्या. "हाय ना! आना वरते. लेकरायचं सामान कायले उन्हात ठेवता?"

झालं. पाळणे वर गेले, घोडा वर गेला, घसरगुंडी नत्थुजींच्या दिवाणाला टेकून उभी राहिली. खालचं घर झाडून-पुसून रिकामं केलं, कुलूप लागलं, आणि भाऊंनी किल्ली नत्थुजींच्या तळहातावर ठेवली. मोनालीनं तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसलं आणि मला पुन्हा भाऊंचा राग आला.

दुपारी गोपाल आला. हातात मोजायचा टेप होता. मामाकडून किल्ली घेतली, खालच्या खोल्या उघडल्या आणि इथे टेबलं, तिथे फळा असं मोठ्यानं बोलत मापं घेऊ लागला. मोनाली पायरीवर बसून ते ऐकत होती. मी उठणार तेवढ्यात भाऊंनी मला हातानंच बसवलं. स्वतः वर गेले. मी कुठली बसते! मीही मागोमाग गेले.

वर नत्थुजी घसरगुंडी आणि पाळण्यांच्या मधल्या उरलेल्या जागेत कसेबसे जेवत होते. भाऊ त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"का भाऊ, हे सामान केव्हा नेनार?" नत्थुजींनी विचारलं.

"जागा भेटली का नेईन ना मोनाली."

"केव्हा भेटन जागा?"

"थे आता कसं सांगाव? खालची जागा गोपाल घेऊन राह्यला. दुसरी पाहा लागन. महिना लागन, दोन लागतीन."

नत्थुजींचा घास हातातच राहिला. "दोन महिने माह्या घरात?"

"मंग कुठं नेईन? तिच्या घरात पाळना मावत नाही."

आशाबाई म्हणाल्या, "राहू द्या ना. काय खाऊन राह्यलं थे सामान?"

नत्थुजींनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांची नजर घसरगुंडीवरून घोड्यावर आणि घोड्यावरून पाळण्यांवर फिरत होती. बाळापूरचा नातेवाईक त्यांच्या कानात बोलू लागला असावा, कारण त्यांनी एकदम हात धुतला आणि हळू आवाजात विचारलं, "देवीदासभाऊ, याचा करार हाय काय?"

"कायचा?"

"हे वरचं. हे सामान हाय ना तिचं इथं. याचा कागद?"

"वरचा कुठून येईन? करार खालचा होता. थो आपन संपवला. वरचं तर बिनकागदाचंच हाय."

मी भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. ते अगदी निर्विकार होते. नत्थुजी मात्र उभे राहिले. खालचं घर कागद असूनही जाईल म्हणून ज्या माणसाला धास्ती, त्याच्या राहत्या घरात, दिवाणाला टेकून, भाडेकरणीचं बिनकागदाचं सामान! ते गॅलरीत धावले. "गोप्या! टेप गुंडाळ! किल्ली आन वरते!"

"मामा, माप घेऊन राह्यलो ना..."

"तुह्या मापाच्या मांगं घर चाललं माह्यं! आन म्हनतो ना!"

मग मोनालीला हाक, मग सामान खाली नेण्याची घाई. पहिला पाळणा नत्थुजींनी स्वतः उचलला. आता भाऊ बसूनच होते. "थांबा ना. खाली नेलं तर तेबी बिनकागदाचंच होईन. पैले करार करू." त्यांनी बॅग उघडली आणि यंत्र बाहेर काढलं. नत्थुजींनी अंगठा इतक्या जोरात दाबला की मला वाटलं यंत्राचाच खंड पडतो. मोनालीचा अंगठा दोनदा घ्यावा लागला. हिरवा दिवा लागला तेव्हा ती हसत होती आणि रडतही होती. मी तिला जवळ घेतलं. खरं सांगते, त्या क्षणी मला भाऊंच्या पाया पडावंसं वाटलं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "भाऊ, हे सगळं तुम्ही आधीच ठरवलं होतं ना?"

"कायचं ठरवतो, ताई? ऊन होतं. दुसरीकडे ठेवाले जागाच नोती." ते घोडा काखेत मारून खाली उतरले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण हे उत्तर खरं की खोटं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

सामान जवळजवळ सगळं खाली गेलं. शेवटचा पाळणा उचलायला नत्थुजी वाकले तेव्हा आशाबाईंनी त्याच्या दांडीवर हात ठेवला.

"हा राहू द्या इथं."

"काहून?"

"मोनालीकडे येते त्या सगळ्यात लहान पोट्टीले खालच्या गोंगाटात झोप येत नाही. मी झोपवत जाईन तिले."

"अवो, पन याचा कागद? घर जाईन ना!"

"जाईन तं माह्यं जाईन," आशाबाई म्हणाल्या. "वरचा मजला माह्या बापाचं वावर इकून बांधला, माह्या नावावर हाय. मले नाही लागत कागद."

नत्थुजींनी मदतीसाठी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी बॅग खांद्याला लावली आणि मला म्हणाले, "चला ताई, आपला स्टाप झाला."

सोमवारी कराराची प्रत द्यायला मी मुद्दाम स्वतः गेले. खाली लेकरांचा कल्ला चालला होता, घसरगुंडीवर रांग लागली होती आणि मोनालीला माझ्याकडे बघायलाही फुरसत नव्हती. आशाबाई भाजी आणायला गेल्या होत्या. वर नत्थुजी दिवाणावर बसले होते आणि पाळण्याची दोरी ओढत होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी प्रत पुढे केली, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. कागद घ्यायला त्यांचा हात मोकळा नव्हता.