सुकट आणायला धाडलं तेव्हा

काळाचौकीच्या चाळीत मालन परब चाळीस वर्षं राहतेय. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात ती मिरच्यांचे देठ खुडायची. नवरा कुशाबा शिवडीला गोदामात राखणदार होता. संध्याकाळी ठरलेल्या रस्त्याने चालत घरी यायचा.

गेल्या मार्गशीर्षात एके दिवशी तिने त्याला फोन केला, "येताना बाजारातून सुकट आणा." म्हणून तो बाजाराच्या बाजूने वळला. तिथे टॉवरचं काम चाललं होतं. वरून लोखंडी पाइप निसटला आणि थेट त्याच्या डोक्यात बसला. कुशाबा जागच्या जागी गेला.

तेराव्याला बिल्डरचा माणूस आला. हात जोडून म्हणाला, "मावशी, योगायोग बघा. एरवी काका त्या रस्त्याने जातच नव्हते."

मग सगळेच तो शब्द बोलू लागले. शेजारी, भाऊ, मुलगा हितेंद्रसुद्धा. मालनला जेवण जाईना. शेवटी ती माडीवरच्या सुमतीबाईंकडे गेली. त्या शाळेत मराठी शिकवायच्या.

"बाई, योगायोग म्हणजे नेमकं काय ओ?"

"योग म्हणजे जुळून येणं, अयोग म्हणजे न जुळणं. दोन्ही मिळून योगायोग, असं सांगतात. कुणी ठरवून न करता घडलं, की आपण तसं म्हणतो."

मालन म्हणाली, "मी त्यांना तिकडून यायला सांगितलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण टॉवरच्या कामाला खाली जाळी नव्हती, बाई. ती लावणं कुणाचं तरी काम होतं ना? मग त्याला योगायोग कसं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सुमतीबाई तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेल्या. जबाब लिहिताना हवालदार म्हणाला, "योगायोगाने पाइप पडला, असं लिहू?"

"नको," मालन म्हणाली. "जाळी नव्हती म्हणून माणूस मेला, असं लिहा."

त्याने तसं लिहिलं. पुढच्या आठवड्यात टॉवरला हिरवी जाळी लागली. बाकी काही हललं नाही. चौकशी चालू आहे, एवढंच ऐकायला मिळतं. सुमतीबाई लेकीकडे ठाण्याला राहायला गेल्या. हितेंद्र म्हणतो, "आई, आता पुरे कर." ती त्याच्याशी वाद घालत नाही. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी चप्पल घालते आणि चौकशीचं काय झालं ते विचारायला एकटीच पोलीस ठाण्याच्या बाकावर जाऊन बसते.