टायरवर बसणारी काकू

"काकू गेली," काका फोनवर एवढंच म्हणाले. मी अंबाजोगाईत सभेची पत्रकं वाटत होते. हातातली उरलेली वाटून संपवली, मग वसतिगृहावर जाऊन त्यांच्या मुलीला, सविताला सांगितलं... रडू तेव्हा आलं नाही, आता इतक्या आठवड्यांनीही येत नाही. गावात लावलेल्या फ्लेक्सवर ‘अल्पशा आजाराने’ असं छापलं होतं. ते शब्द मी काळ्या रंगानं खोडले. दोन हंगाम तिच्या पोटात दुखत होतं. खाडा धरून पैसे कापतील म्हणून दवाखाना मागं पडत गेला आणि गोळ्या खाऊन ती उसाच्या मोळ्या उचलत राहिली. ह्याला अल्प म्हणणाऱ्यानं एक मोळी डोक्यावर घेऊन दाखवावी.

वडवणीजवळच्या आमच्या गावातून ऊसतोडीला निघायच्या आधी काका बैलगाडीचे टायर घरीच चढवायचे. जुन्या टायरची कड लई ताठ. लोखंडी टामी घालून एका बाजूनं रिंगेत दाबली की दुसरी बाजू उसळून बाहेर. मग काका म्हणायचे, "बस गं," आणि काकू त्या उसळत्या बाजूवर जाऊन बसायची, मांडीत लसणाची पाटी. काका साबणाच्या पाण्यानं बरबटलेले, घामाघूम, आणि ही निवांत लसूण सोलतेय. टामी निसटली की ते खेकसायचे, हल्लीस कावून?

"मी कुटं हल्ले? तुमचाच हात हल्ला. आन् लौकर करा, न्हाईतर चूल हितंच मांडते."

एकदा तिनं मला बसवलं. टायरनं मला उडवून फुफाट्यात टाकलं. पत्रकं वाटून वजन वाढत न्हाई, म्हणाली, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. काका आता अर्धा कोयता. मुकादम आला, चहा प्याला, वाईट झालं म्हणाला आणि निघताना सविताकडं बघून म्हणाला, पोरगी हाय की जोडीला. ती अकरावीत आहे. मी भांडायला तोंड उघडलं तर काकांनी हातानंच गप्प केलं. हो म्हणाले नाहीत... नाहीही म्हणाले नाहीत.

परवा सकाळी ते टायर घेऊन बसले. दाबायचे, उसळायचा. पुन्हा दाबायचे. मी ओट्यावरून नुसती बघत होते. सविता घरातून आली, ओढणी खोचली आणि न विचारता आईच्या जागी जाऊन बसली.

"दाबा, आबा."

काकांनी टामी खाली ठेवली.

"ऊठ."

"हलत न्हाई मी. दाबा तर."

"ऊठ म्हन्तो ना. पिशवी भर, अंबाजोगाईची गाडी चुकंल."

ती गेल्यावर त्यांनी मुकादमाला फोन करून आपल्या जागी दुसरा कोयता बघायला सांगितलं. टायर अजून अंगणात पडलाय. काका त्याच्यावर कुणालाच बसू देत नाहीत.