बँडवाल्यांच्या अक्कलदाढा

चारचौघांत दाढ दुखते असं म्हणून बघा. औषधाच्या आधी किस्से मिळतात. आणि ते चारचौघे बँडपार्टीतले असले तर मग विचारूच नका. एकानं तोंड उघडलं की दुसरा स्वतःचं उघडून दाखवतो.

आमची पार्टी धामणगाव बढेची. लग्नसराई सोडली तर सगळे शेतीवाले, कुणाची मिरची, कुणाचा कापूस. संध्याकाळी प्रॅक्टिसच्या खोलीत जमलो की वाजवणं कमी आणि गप्पा जास्त. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर माझी खालची अक्कलदाढ उठली, आणि खोलीत दुसरा विषयच राहिला नाही. बाकीचे हसत होते. मला मात्र एकेक किस्सा ऐकून घाम फुटायचा, कारण मी क्लॅरिनेट वाजवतो. माझं सगळं तोंडावरच आहे.

* * *

पहिला मान बबनचा. बबन आमचा ढोलवाला.

त्याआधी आमची एक रीत सांगतो. परण्यात, म्हणजे नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवाकडे वाजतगाजत निघतो तेव्हा, इतका गलका असतो की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून पुढे चालणारे वस्ताद हातानं सांगतात. हात वर आणि पंजा उघडा, म्हणजे चढवा. खांद्याशी बंद मूठ, म्हणजे थांबा, तोडा. बबन हे लहानपणापासून बघत आलेला.

मलकापूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, दुखलं तर हात वर करा. दाढ हलायला लागली, इंजेक्शन पुरलं नाही, बबनच्या डोळ्यांतून पाणी. त्यानं काय करावं? खांद्याशी मूठ धरली! बाईंना वाटलं, माणूस धीराचा आहे, मुठी आवळून सोसतोय. त्या शाबासकी देत राहिल्या आणि दाढ ओढत राहिल्या.

"अबे पण त्यायनं हात वर कराले सांगतलं होतं ना," मी म्हणालो.

"मले काय येडा समजतं का?" बबन म्हणाला. "हात वर केला असता तं बाईनं आनखी चढवलं असतं ना!"

* * *

दिनकर ट्रंपेटवाला. त्याची दाढ काढली तेव्हा बाईंनी बजावलं, काही दिवस अजिबात फुंकायचं नाही, खड्ड्यातली रक्ताची गाठ निघाली तर कानापर्यंत कळ जाईल. दिनकरनं ते इतकं मनावर घेतलं की चहासुद्धा फुंकला नाही. जीभ पोळून घेतली आणि बायकोलाच बोलला, चहा एवढा गरम काऊन देतं म्हणून.

पण तेवढ्यात एक लग्न आलं. पार्टीत ट्रंपेट दिसलं नाही तर यजमान कटकट करतात. वस्ताद म्हणाले, उभा राहा, तोंडाला लाव, गाल फुगव, वाजवू नको. याला आमच्यात मुका उभा राहणं म्हणतात. दिनकर अख्खा परण्या मुका चालला. बोटं मात्र एकही चुकली नाहीत.

मांडवात नवरीचे मामा खास त्याला शोधत आले. पाठ थोपटून म्हणाले, "बाकीचे ठीक. पण तुमचं ट्रंपेट काय गोड वाजून राह्यलं हो आज!"

दिनकरला तेव्हापासून हा किस्सा कुणी सांगितलेला आवडत नाही.

* * *

मग मी गेलो. बाईंनी मोठा एक्स-रे काढला, काचेवर लावला आणि पेन्सिलीनं दाखवलं. दाढ आडवी झोपलेली, पुढच्या दाढेला टेकून. आणि तिच्या मुळाशी एक फिकट रेघ.

ही ओठाची नस, बाई म्हणाल्या. काढताना तिला धक्का लागला तर खालचा ओठ बधिर राहू शकतो. बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, आठवडे लागतात, कधी महिने. फार क्वचित तसाच राहतो.

"मॅडम, मी क्लॅरिनेट वाजवतो," मी म्हणालो.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मला ते मुळीच आवडलं नाही.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधलेली वेताची पत्ती खालच्या ओठावर टेकते. पत्तीला किती दाबायचं, कधी सोडायचं, हे ओठाला कळतं. बोटं नंतर. ओठच गेला तर माझ्या हातात नुसती काळी नळी उरली. घरी येताना एसटीत मी सारखा ओठ चावून बघत होतो, अजून आहे ना म्हणून. शेजारच्या बाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून बसली.

बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. म्हणालो, राहू दे, दुखली तर दुखली.

"अन् पू झाला मंग?" ती म्हणाली. "तवा वाजवसान का?"

* * *

खोलीत मी जाहीर करून टाकलं, दाढ काढत नाही. बोलले ते वस्ताद. एरवी ते अशा गप्पांत नसतात, कोपऱ्यात ढोलाच्या दोऱ्या आवळत बसतात.

मला क्लॅरिनेट त्यांनीच शिकवलं. पण मी पार्टीत आलो तेव्हाच ते वाजवणं सोडून पुढे हात दाखवत चालायचे. आम्हाला वाटायचं, वयाचा मान. कुणी कधी विचारलं नाही.

त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं आणि गालात बोट घालून तोंड फाकवलं. डाव्या बाजूला खाली एकही दात नव्हता. नुसती हिरडी.

"मी बी भेलो होतो," वस्ताद म्हणाले. "एक दाढ वाचवाले गेलो. सीझन होऊ दे, सीझन होऊ दे, म्हणत राह्यलो. पू पसरला, समदी लाइन गेली. फुंकलं की हवा बाजूनं निघून जाये." मग पुन्हा दोऱ्या हातात घेतल्या. "तवापासून हात हालवून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी मी नंबर लावला.

* * *

सोबतीला बबन आला. सुनंदानं मुद्दाम पाठवला, मी अर्ध्या वाटेतून परत येऊ नये म्हणून.

मी आत खुर्चीत, बबन बाहेर बाकावर. तोंड बधिर झालं, मशीन सुरू झाली. मशीनचा आवाज कानाच्या आत होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी डोळे मिटून हनुमानाचं नाव घ्यायला लागलो. तेवढ्यात बाहेरून ठेका ऐकू आला. बबनला भीती वाटली की त्याचे हात आपोआप चालतात. बाकावर परण्याचा ठेका! मशीनचा आवाज चढला की बबन चढायचा, मशीन थांबली की बबनही थांबायचा.

बाईंनी हात बाजूला घेतला आणि नर्सला म्हणाल्या, "बाहेर कोण आहे त्यांना थांबवा आधी. माझा हात त्यांच्या मागे जायला लागलाय."

नर्स गेली. ठेका थांबला. मला तोंड उघडं ठेवून सांगता येत नव्हतं, नाहीतर म्हणालो असतो, वाजू द्या. त्या ठेक्यावर मला जरा बरं वाटत होतं.

* * *

सूज उतरली. दुखणं गेलं. ओठ आला नाही.

डावीकडचा अर्धा ओठ आणि खाली हनुवटी, कुणीतरी जाड कापड चिकटवल्यासारखी. चहा गळायचा ते मला कळायचं नाही, शर्टावर पडला की दिसायचं. जेवताना सुनंदा बोलता बोलता स्वतःच्या हनुवटीला हात लावायची, की मी माझी पुसायचो. भाताचं शीत असायचं. पाहुण्यांसमोर ती इतक्या वेळा हनुवटीला हात लावायची की माझ्या साळ्यानं तिलाच विचारलं, ताई, तुझी दाढ दुखते का?

बाई कापसानं ओठाला शिवून बघायच्या. इथे कळतं? नाही. इथे? नाही. धीर धरा म्हणायच्या. वाजवायला आता हरकत नाही म्हणाल्या, पण वाजत कुठे होतं? पत्ती ओठावर टेकली की नाही, हेच कळेना. एक सूर धड निघाला नाही, किंचाळीच निघाली. गोठ्यातल्या म्हशीनं वैरण सोडून माझ्याकडे बघितलं. मी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि पेटीवर बसून राहिलो. मला फार भीती वाटत होती. वस्तादांना निदान हात हलवायचं काम मिळालं. ती जागा भरलेली होती.

* * *

हंगामाचं पहिलं लग्न उंद्रीचं.

आमच्या पार्टीची एक खूण आहे. मांडवाच्या तोंडाशी सगळी वाद्यं तुटतात, आणि नवरदेव आत पाऊल टाकेपर्यंत एकटं क्लॅरिनेट वाजतं. लोक त्यासाठी सांगावा पाठवतात. वस्तादांनी ठरवलं, या वेळी तो तुकडा दिनकर ट्रंपेटवर घेईल.

"तू मुका उभा राह्य," ते मला म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

परण्या निघाला. मी मागच्या रांगेत, गाल फुगवून. बोटं चालत होती, आवाज नव्हता. शेजारून दिनकर जीव तोडून वाजवत होता. मांडव आला. वस्तादांनी खांद्याशी मूठ धरली. ढोल तुटला, ताशा तुटला, सगळं गप्प.

दिनकरनं श्वास घेतला. ट्रंपेट ओठाला लावलं. माझ्याकडे बघितलं, आणि ट्रंपेट खाली घेतलं.

मी मानेनं नको नको म्हणत होतो. तो समोर नवरदेवाच्या फेट्याकडे बघत राहिला. सगळं वऱ्हाड थांबलेलं. कुणीतरी मागून ओरडलं, "काय झालं हो बँडवाले?"

मी फुंकलं. किंचाळी निघाली. दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वस्ताद गर्रकन मागे वळले, मूठ अजून खांद्याशी.

मी डोळे मिटले. ओठ सांगत नव्हता, तर कानाला विचारलं. थोडं दाबलं, फाटलं. सोडलं, हवा गेली. पुन्हा दाबलं, आणि सूर लागला. त्याचा हात धरून पुढचा, मग त्याच्या पुढचा. हनुवटीवरून काहीतरी गळत असणार, मला कळत नव्हतं. अर्ध्या तुकड्यापर्यंत आलो आणि डोळे उघडले.

वस्ताद तिथेच उभे होते. तोंड थोडं उघडं, गाल आत गेलेले, जणू तेच फुंकत होते. मूठ खांद्याशीच होती.

मग हात वर गेला, आणि बोटं उघडली.