घरचं गिऱ्हाईक

वडनेरच्या बाजारओळीत तानबाजींचं किराणा दुकान आहे. त्या दुकानातून महिन्याला भरपूर माल उचलणारं आणि सगळ्यात जास्त कटकट करणारं गिऱ्हाईक म्हणजे त्यांची बायको, कौशल्याबाई. दुकानाच्या मागेच घर आणि मधे एक दार. पण त्या दारातून किराणा कधी आत जात नाही. कौशल्याबाई थैली घेऊन मागच्या अंगणातून निघतात, गल्लीला वळसा घालून दुकानासमोर येतात, बाकीच्या बायांमध्ये उभ्या राहतात आणि पाळी आली की म्हणतात, "एक किलो तूरडाळ द्या. काल कमलाबाईले देली ते नाई, चांगली."

"सगळी एकाच पोत्यातली हाये," तानबाजी म्हणतात.

"मंग पोतं दाखवा."

पोतं दाखवलं जातं. मग नोटा मोजून गल्ल्यात जातात. बायकोकडून पैसे घेताना तानबाजी नोट उजेडात धरून बघतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

ही चाल त्यांनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात पाडली. त्यांच्या वडिलांचं दुकान घरच्यांनीच बुडवलं होतं. कोणी मूठभर गूळ उचलला, कोणी खोबरं, कोणी पाहुण्यांसाठी साखर, आणि दिवाळीला बघतात तर डबे रिकामे. म्हणून तानबाजींचा नियम झाला: दुकानाचं दुकान, घराचं घर. एक तारखेला घरखर्चाचे पैसे बायकोच्या हातात, आणि माल रोखीनं. नियम वाईट नव्हता. वाईट काय होतं ते कळायला बावीस वर्षं लागली.

मी गावातल्या शाळेत मास्तर आहे आणि सहा वर्षांपासून त्यांच्याच घराला लागून असलेल्या खोलीत भाड्यानं राहतो. भाड्यात सकाळ-संध्याकाळचा चहा धरलेला आहे. पैशाच्या बाबतीत मी गाफील माणूस. वीस तारखेनंतर माझ्या पाकिटात फक्त बसची तिकिटं सापडतात. त्यामुळे कौशल्याबाईंची काटकसर मी आधी हसून, मग वैतागून, आणि शेवटी घाबरून बघत आलो. गॅसचं नवं सिलिंडर लागलं की त्या त्यावर खडूनं तारीख लिहितात. मागचं बावन्न दिवस पुरलं, तर हे पंचावन्न पुरलंच पाहिजे. आंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर. तेलाची पिशवी रिकामी झाली की कात्रीनं उभी फाडतात आणि तिच्या आतल्या बाजूवर कणकेचा गोळा फिरवतात. साबणाची चिपाटी नव्या वडीला चिकटवतात, त्यामुळे त्या घरातला साबण कधी संपलेला मी पाहिलेला नाही. एकदा मी दिवा चालू ठेवून शाळेत गेलो. परत आलो तर दारातच ऐकवलं, "सर, तुमच्या खोलीत दिवसभर कोण अभ्यास करून राह्यलं होतं?"

बटण बंदच होतं. मी नसताना त्यांनी कुलपाच्या दुसऱ्या किल्लीनं आत जाऊन ते बंद केलं होतं. मला राग आला, पण बोलतो कोणाला.

तर मुद्दा असा की या वर्षी मार्चमध्ये या काटकसरीला एक कारण मिळालं. मुलगी आचल बारावीला होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. वर्ध्याला नंबर लागला तर तिथंच राहावं लागणार. तानबाजींनी मोठ्या मनानं जाहीर केलं, "फी मी भरन. होस्टेलचं तू पाह्यजो. पंधरा हजार लागन पोळ्याच्या आधी. घरखर्चातून काढ. बचत बाईच्या हातात असते."

घरखर्चाचे मिळत होते दहा हजार. चार वर्षांपासून दहाच. दुकानात तेल वाढलं, डाळ वाढली, साखर वाढली, तर तानबाजी गिऱ्हाइकांसमोर हात पसरून सांगायचे, "काय करता बाई, महागाईच अशी हाये." आणि तेच तानबाजी मधलं दार ओलांडून आत आले की महागाई बाहेरच राहायची. कौशल्याबाईंनी त्या दिवशी माझ्यासमोरच विषय काढला.

"दहाचे बारा करा. पुरत नाई."

तानबाजींनी डोळे मिटले. त्यांचा हिशेब तोंडी असतो, आणि पक्का असतो. ओठ हलले, बोटं मांडीवर नाचली. "घरचा किराणा पाच हजारात बसते," ते म्हणाले. "दूध, भाजी, गॅस मिळून चार. वर हजार उरते."

"मले तर किराण्यालेच अठ्ठावनशे लागते."

"मंग तुहा हात सैल हाये."

हात सैल! तेलाची पिशवी फाडून पुसणारा हात! मी हसलो, आणि मला वाटलं त्याही हसतील. त्या भांडी घासायला उठल्या.

मार्च ते जुलै त्यांनी घरातल्या घरात काय काय कापलं ते मोजणं कठीण आहे. भेदरं, म्हणजे टमाटे, महागली की भाजीत चिंच यायची. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर; त्याच्या काड्याही चटणीत जायच्या. समुद्रपूरच्या नात्यातल्या लग्नाला त्या गेल्याच नाहीत, आहेर पाठवून दिला. माझा चहा मात्र वेळेवर यायचा. मी विचारायचो, "काकू, तुमचा कप?" त्या म्हणायच्या, "मी आताच घेतला, सर." मी प्यायचो. बिस्किटं पण खायचो.

आचलचा नंबर वर्ध्याला लागला. तानबाजींनी फी भरली आणि गावभर सांगितलं. होस्टेलचे पंधरा हजार भरायला तीन आठवडे उरले होते.

त्याच आठवड्यात तानबाजी एका साखरपुड्याला, इकडच्या साक्षगंधाला, समुद्रपूरला गेले आणि दुकानात कौशल्याबाई बसल्या. दुपारी हिंगणघाटच्या ठोक व्यापाऱ्याकडून मालाची गाडी आली. पोती उतरली, आणि गाडीवाल्यानं बिल त्यांच्या हातात दिलं. एरवी हे बिल थेट तानबाजींच्या खिशात जातं. शाळा सुटून मी येत होतो, तर त्यांनी हाक मारली.

"सर, चष्मा घरात राह्यला. जरा वाचून दाखवा."

मी वाचलं. तूरडाळ एकशेचार. त्यांनी मान वर केली.

"काल मी एकशेबावीसनं नेली."

"काकू, हा खरेदीचा भाव आहे. दुकानदार वर काही लावणारच ना."

"ते मले समजते. पुढं वाचा."

मी वाचत गेलो आणि त्या आपला महिन्याचा माल एकेक करून सांगत गेल्या. साखर इतकी, तेल इतकं, चहापत्ती, रवा, भुईमुगाची फल्ली, तिखट. मी बिलाच्या मागे मांडत गेलो. बेरीज आली पाच हजार वीस.

तानबाजींचा तोंडी हिशेब बरोबरच होता. पण तो खरेदीच्या भावानं होता. घरखर्च ठरवताना ते ठोक व्यापाऱ्याच्या भावानं मोजायचे आणि माल देताना गिऱ्हाइकाच्या भावानं द्यायचे. त्यात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांच्या डोक्यात डाळीचा भाव म्हणजे स्वतःच्या खरेदीचा भाव, आणि काउंटरवर बसलं की हात आपोआप दुसरा भाव लावायचा. दोन्ही ठिकाणी तेच होते, म्हणून त्यांना कधी खटकलं नाही. पण खटकायला हवं होतं. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला.

कौशल्याबाईंनी माझ्या हातातून कागद घेतला. मग म्हणाल्या, "बावीस वर्षं मले वाटे, माहाच हिशेब कच्चा हाये. मी वहीत पाहो, डब्यात पाहो, आपल्या हातून कुठं सांडते म्हणून."

एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी केली आणि पदराला बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थैली घेऊन नेहमीसारख्या निघाल्या. अंगण, गल्ली, वळसा. दुकानासमोर आल्या. तानबाजींनी तराजू पुढे ओढला. त्या थांबल्याच नाहीत. रस्ता ओलांडून समोरच्या रूपरावांच्या दुकानात गेल्या.

रूपराव इतके घाबरले की त्यांनी आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, आणि मग विचारलं, "वहिनी, घरी सगळं ठीक हाये ना?"

"ठीक हाये. एक किलो तूरडाळ द्या. केवढ्याले?"

"एकशेवीस."

"समोर दोन रुपये महाग हाये," कौशल्याबाई म्हणाल्या, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

बायकोनं अबोला धरला तर माणूस निभावून नेतो. स्वयंपाक बंद केला तर हॉटेलात खातो. पण किराणा दुकानदाराच्या बायकोनं समोरच्या दुकानातून डाळ आणली तर त्यानं करावं काय? गावात एकच चर्चा. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कमलाबाईंनी तानबाजींना सरळच विचारलं, "घरचीच तुमच्याकडून नेत नाई, म्हणजे मालात काई हाये का हो?" आणि उत्तराची वाट न बघता त्याही रस्ता ओलांडून गेल्या. तिसऱ्या दिवशी रूपरावांकडे गर्दी आणि इकडे तानबाजी हातात फडकं घेऊन बरण्या पुसत बसलेले. त्या बरण्या इतक्या स्वच्छ मी कधी पाहिल्या नव्हत्या.

त्यांनी घरात विचारलं नसेल असं नाही. मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे.

"तू समोर काऊन जाऊन राह्यली?"

"दुकानाचं दुकान, घराचं घर. मी गिऱ्हाईक आहो. जिथं परवडन तिथून घेईन."

"गिऱ्हाईक कशी? तू बायको हाये माही."

"मंग बावीस वर्षं कोणाकडून नफा घेतला?" आणि पदराची गाठ सोडल्याचा, कागद उलगडल्याचा आवाज आला.

आठवडी बाजाराच्या दिवशी, रूपरावांच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती तेव्हा, तानबाजी गल्ल्याला कुलूप लावून रस्ता ओलांडून आले. गर्दीनं त्यांना थेट कौशल्याबाईंपर्यंत वाट दिली. मीही होतो, खोटं कशाला बोलू. मला काडेपेटी घ्यायची होती, म्हणजे मी तसं ठरवलं होतं.

"उद्यापासून आपल्या दुकानात येजो," तानबाजी खालच्या आवाजात म्हणाले. "खरेदीच्या भावानं देतो."

"आन् झालं ते?"

तानबाजींनी इकडेतिकडे बघितलं. पळायला जागा नव्हती. "ते काई मी खाल्लं नाई. दुकानातच हाये. काचेचं काउंटर घेतलं, फ्रिज घेतला."

"म्हणजे काउंटरमधे माहा वाटा हाये."

"...हाये."

"रूपराव भाऊ, ऐकलं ना?"

रूपरावांनी जोरजोरात मान हलवली. त्यांचं चांगलं गिऱ्हाईक चाललं होतं, पण तमाशा फुकटात मिळाला होता.

"मंग त्या वाट्यातून पोरीचं होस्टेल भरा," कौशल्याबाई म्हणाल्या आणि थैली उचलून निघाल्या. पहिल्यांदाच त्या गल्लीतून वळसा न घालता दुकानातून, मधल्या दारानं घरात गेल्या.

संध्याकाळी तानबाजींनी पंधरा हजार रुपये आणून त्यांच्यापुढे ठेवले. आचल होती, मी चहाला बसलो होतो. कौशल्याबाईंनी नोटा मोजल्या. मग आत जाऊन मिठाच्या बरणीमागून एक जुना चहापत्तीचा डबा आणला आणि उपडा केला. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा, चिल्लर. पंधरा हजारांतून त्यांनी काही नोटा काढून तानबाजींसमोर सरकवल्या.

"हे चार हजार तीनशे वापस घ्या. तेवढे मी जमवले. पोरीले त्यातलेच देईन."

तानबाजींनी त्या ढिगाकडे बघितलं. दुकानदार माणूस, त्यांना लगेच कळलं. अठ्ठावनशेचा किराणा भरून, दहा हजारांतून, पाच महिन्यांत. त्यांच्या ओठांनी हिशेब सुरू केला आणि अर्ध्यात थांबवला.

"हे कशातून काढले?"

"इकडून तिकडून. दोन हजार तर चहाचे हायेत. पाव लिटर दूध बंद केलं मार्चपासून."

"पण आमाले तर चहा..."

"तुमाले मिळत होता. सरलेबी मिळत होता."

मी हातातला कप खाली ठेवला. "मी आताच घेतला, सर." पाच महिने, रोज दोनदा, मी ते वाक्य ऐकलं होतं आणि फुंकर मारून मारून त्यांच्या वाट्याचा चहा प्यालो होतो. वर बिस्किटं. आचल रडायला लागली. तानबाजी उठून दुकानात गेले. मला वाटलं, गेला माणूस लाजून.

दोन मिनिटांत ते मधल्या दारातून परत आले. हातात चहापत्तीचा अर्ध्या किलोचा पुडा होता, दुकानातला सगळ्यात महागडा. तो त्यांनी बायकोपुढे ठेवला. "उद्यापासून दूध वाढव. आता आधी तुहा चहा मांड."

कौशल्याबाईंनी पुडा उलटा करून छापील किंमत बघितली. मग कमरेची पैशाची पिशवी सोडली.

"खरेदी भाव सांगा," त्या म्हणाल्या.